श्री. सेतुमाधव यास, पाकिटावरच्या नावाबद्दल

आवडी, चेन्नई
मार्गळी महिना, सोमवार

तीर्थरूप सेतुमाधव यास,

धाकट्या चुलतभावाचा, वेंकटरमणाचा, अकरा महिन्यांच्या अंतरावरून नमस्कार. (हे अंतर वयातलं. कुंभकोणम ते आवडी हे अंतर सहा तासांचं, आणि सध्या त्याहून बरंच जास्त वाटतंय.) तुझा रक्तदाब कसा आहे? धनलक्ष्मीवहिनी गुडघ्याला अजून तेच हिरवं तेल लावतात का? त्या तेलाच्या वासापासून सुटावं म्हणून मागच्या वेळी मी एक बस आधीचीच पकडली, हे वहिनींना सांगू नकोस. इकडे कनका खुशाल, शरण्या खुशाल, ग्राइंडरचा धंदा खुशाल. मी खुशाल नाही, आणि का नाही हे तुला ठाऊक आहे.

बारा दिवसांपूर्वी माझ्या षष्ट्यब्दपूर्तीची पत्रिका कुरियरनं तुझ्या दारात आली. पाकिटावर तुझं नाव काय छापलं होतं ते तू वाचलंस. पुढचं मला वहिनींकडून कनकाला आणि कनकाकडून मला कळलं: पाकीट न फोडता कपाटावर ठेवलं आहे, पंचांगाच्या शेजारी. तू रागावलास का, असं कनकानं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या की रागावले नाहीत, रेडिओ दुरुस्त करताहेत. सेतु, मी तुला लहानपणापासून ओळखतो. चालू रेडिओ तू कधी दुरुस्त करायला घेतोस ते मला माहीत आहे. पोंगल झाल्यावर आठवड्यानं माझी साठी होते आहे, आणि त्या दिवशी तू येणार की नाही, एवढंच मला हवं आहे. त्याला एक ओळ पुरली असती. पण एका ओळीत माझं कधी काही भागलेलं नाही, तेव्हा चष्मा लाव आणि सावकाश वाच. (देवनागरीत हातानं लिहितो आहे, कारण हे शरण्याला वाचता येत नाही आणि कनका वाचायचा कंटाळा करते. त्यामुळे मोकळेपणानं लिहिता येईल.)

आधी गुन्हा कसा घडला ते सांगतो. आपल्या घराण्यात नावांचा दुष्काळ, हे तुला सांगायला नको. पणजोबा सेतुमाधव, म्हणून प्रत्येक घरात एक सेतुमाधव. तिरुपतीचा नवस, म्हणून प्रत्येक घरात एक वेंकटरमण. आडनाव म्हणावं तर सगळेच राव. तंजावरहून मद्रासला येताना आपल्या मराठी लोकांनी भांडी आणली, देव आणले, सांबाराची चव आणली. नावं मात्र पाच-सहाच आणली. मग माणूस ओळखायचा कसा? नावापुढे काहीतरी लावून. माझ्या फोनमध्येही तसंच आहे. सेतु बँक. सेतु लंगडा. राजसमामी बहिरी, तिरुवोट्टियूर. राजसमामी कटकट, मैलापूर. मुरली टकला. गिरीधर तोतरा. हे लिहिताना माझ्या मनात काही वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर मनात काहीच नव्हतं. ग्राइंडरच्या सुट्या भागांच्या फळीवर चिठ्ठ्या लावतो तशा लावल्या होत्या, हाताला पटकन सापडावं म्हणून.

पत्रिका छापून आल्या. शरण्या म्हणाली, अप्पा, पत्ते हातानं कशाला लिहिता, तुमच्या फोनमधूनच एका तासात चिठ्ठ्या काढून देते. तिनं माझा फोन संगणकाला जोडला, प्रत्येक नावाआधी ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ घातलं, शेवटी ‘आणि कुटुंबीय’ घातलं, इंग्रजी अक्षरांत एकशे बेचाळीस चिठ्ठ्या छापल्या, आणि संध्याकाळपर्यंत मी आणि कनकानं डिंक लावून त्या चिकटवल्यासुद्धा. (मी चष्म्याशिवाय. कनका मालिका बघत बघत.) पोरीचं मराठी तुला माहीत आहे, जेवणाच्या पानात जे येतं तेवढंच कळतं, पानाबाहेर सगळं तमिळ. ‘लंगडा’ हे तिला आपल्याकडचं घराण्याचं नाव वाटलं, इथले लोक नावाआधी गावाचं नाव लावतात तसं. दुसऱ्या दिवशी कुरियरवाला गठ्ठा घेऊन गेला. मी त्याला कॉफी पाजली आणि शरण्याच्या हुशारीचं कौतुक केलं.

चार दिवसांनी पहिला फोन मुरलीचा, ओरगडमहून. तो तिथल्या ट्रकच्या कारखान्यात मोठा साहेब आहे, आणि पाकीट त्याच्या ऑफिसात सगळ्यांच्या देखत आलं. श्री. मुरली टकला आणि कुटुंबीय. दोन वर्षांपूर्वी त्यानं डोक्यावर केस लावून घेतले आहेत, हे मी फोनमध्ये दुरुस्त करायचं विसरलो होतो. तो पाऊण तास बोलला. मानहानी, वकील, आमचे संबंध संपले वगैरे. मधेच थांबून त्यानं जेवणात पुरणपोळी आहे का ते विचारलं, आहे म्हटल्यावर पुन्हा बोलू लागला. मला त्याची काळजी वाटली नाही. पण टकला म्हटल्यावर एवढं, तर बाकीच्यांचं काय? उरलेली चार पाकिटं टेबलावर होती, ती चष्मा लावून वाचली. मग फोनमधली सगळी यादी वाचली. आणि मग तुझं नाव.

मी धंद्यातला माणूस. माल खराब गेला तर गिऱ्हाइकाच्या दारात स्वतः जायचं, माणूस पाठवायचा नाही, हा माझा नियम. (फोनवर माफी मागितली की गिऱ्हाईक परत येत नाही.) म्हणून दुसऱ्याच दिवशी शर्टाला इस्त्री करून तिरुवोट्टियूरला राजसमामींकडे गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, वयाच्या तिसाव्या वर्षापासून ऐकू येत नाही, ओठ वाचतात. दारातच मी मोठ्यांदा, शब्द तोडून तोडून, माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, बसवलं, पाकीट आणलं आणि त्यावर बोट ठेवलं. मला वाटलं ‘बहिरी’वर ठेवतील. त्यांनी पिनकोडवर ठेवलं. शेवटचा आकडा चुकला होता, पाकीट तीन दिवस भलत्याच घरात पडून होतं.

मग ‘बहिरी’? त्या म्हणाल्या, मी बहिरीच आहे, त्याला तू दुसरा काय शब्द काढणार? मला हायसं वाटलं, मी पाठीला टेका दिला. तेव्हा त्यांनी आवाज न चढवता (तो त्यांना चढवताही येत नाही, त्यांचा आवाज कायम एकाच पट्टीत असतो) मला विचारलं, मागच्या वर्षी शरण्याच्या साखरपुड्याला हॉलच्या दुसऱ्या टोकाला तू माईकवाल्याला काय म्हणालास? मला आठवेना. त्यांना आठवत होतं. चाळीस फुटांवरून त्यांनी माझे ओठ वाचले होते. मी त्या पोराला म्हणालो होतो, बहिरा आहेस का रे, किती वेळा सांगायचं.

“त्याला ऐकू येत होतं,” मामी म्हणाल्या. “तो कामचुकार होता. मग त्याला माझं नाव कशाला दिलंस?”

सेतु, याचं उत्तर मी शोधतो आहे. तुला सापडलं तर कळव.

पण एवढ्यावर सुटका झाली नाही. मी विचारलं की आणखी काय काय खटकतं, सांगून टाका, आलोच आहे तर. (गिऱ्हाइकाला असं कधी विचारू नये, हा माझा दुसरा नियम, तो मी मोडला.) मामी म्हणाल्या, शब्द नव्हे, ते ‘काही नाही, मग सांगते’. घरात सगळे जेवायला बसतात, कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात, त्या विचारतात काय झालं, आणि लेक म्हणते, काही नाही अम्मा, मग सांगते. हे ‘मग’ अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही आलेलं नाही. शरण्याच्या बारशाला तुम्ही पुरुषमंडळी ठसका लागेपर्यंत हसलात, तुला नाकातून ताक आलं, ते कशाला, ते सांग, असं त्या मला म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर दहा मिनिटं कपाळ चोळत बसलो. आठवलं नाही. तुला आठवतंय? तू माझ्या शेजारच्या पानावर होतास. एक गोष्ट थकली आहे म्हातारीची, ती तरी देऊन टाकू.

निघताना आणखी एक झालं. मी दारातून पुन्हा मोठ्यांदा ‘येतो मामी’ म्हणालो, तेव्हा त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या यादीत माझं नाव तमिळमध्ये: ‘ओरडणारा वेंकटा’. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात आणि त्यांना एक अक्षर वाचता येत नाही. मी गेली चाळीस वर्षं त्यांच्याशी आदरानं आणि तळमळीनं ओरडतो आहे, आणि त्यांना त्यातलं काही कळलेलं नाही.

आता तू म्हणशील, याचे कान एवढे तयार आणि हे याला कधी कळलं नाही? तोच तर प्रश्न आहे. चेन्नईत मी कानांवर जगतो. गिऱ्हाईक फोन करतं, मी म्हणतो, बोलू नका, फोन ग्राइंडरजवळ धरा. दहा सेकंदं ऐकतो आणि सांगतो, पट्टा सैल झालाय, किंवा बेअरिंग गेलंय, किंवा बाई, त्यात तांदूळ कमी आणि उडीद जास्त झालाय. त्यावर लोक चकित होतात आणि त्यावर माझं दुकान उभं राहिलं. मग मी ठरवलं की तेच कान एक दिवस स्वतःकडे लावून बघायचे. मंगळवारी सकाळपासून दुरुस्तीच्या जॉबकार्डाच्या मागे मी बोललो ते ते शब्द टिपत गेलो. दुपारपर्यंत सतरा झाले. डुगडुगणाऱ्या स्टुलाला लंगडा म्हणालो. दाबूनही न लागणाऱ्या बटणाला बहिरं म्हणालो. नव्या पोरानं चुकीचा स्क्रू बसवला, त्याला आंधळा म्हणालो. फाटकासमोर रिक्षा आडवी लावणाऱ्याला तमिळमध्ये ‘कण्णु तेरियलया’, डोळ्यांनी दिसत नाही का, असं विचारलं. त्यानं मला पाहून हात हलवला, म्हणजे दिसत होतं. मोटर आवाज न करता फिरली तिला मुकी म्हणालो, पण ते कौतुकानं. हे मला फार गमतीचं वाटलं. मोटर मुकी असली की आपण दोनशे रुपये जास्त लावतो, आणि माणूस गप्प बसला की मुका झालास का म्हणून खेकसतो. या सतरांपैकी एकही शब्द ज्याच्यासाठी आहे त्याच्याकरता मी वापरला नव्हता. सगळे उधारीवर नेले होते, मालकाला न विचारता.

संध्याकाळी कनकाला यादी दाखवली. घरात हे शब्द बंद, असं जाहीर केलं. पाऊण तास कुणी काही बोललं नाही, मग जेवताना कनका म्हणाली की असं मुकाट्यानं जेवायचं असेल तर तिला सोसणार नाही, आणि लगेच जीभ चावली, आणि आम्ही दोघं हसलो. नंतर मी म्हटलं, फोनमध्ये आता दुरुस्ती करतो, सरकारी शब्द घालतो: दिव्यांग सेतु. कनकानं ताटातून वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, “मग बँकवाले सेतु कोण? साधे सेतु?” ती दुरुस्ती तिथेच थांबली.

बुधवारी एन्नोरला गिरीधरकडे गेलो. तो वीजकेंद्रात आहे, पंचेचाळीस वर्षांचा झाला, बोलताना अजून अडतो. श्री. गिरीधर तोतरा आणि कुटुंबीय. त्याची बायको दार उघडून आत निघून गेली, त्यावरून माल किती खराब गेलाय ते कळलं. गिरीधर मात्र हसतमुख. त्याला सांगितलं, बाबा, तुला जे बोलायचं ते बोल, मी ऐकायला आलो आहे. त्यानं सुरुवात केली. पहिल्या शब्दावर अडला, मी तो शब्द दिला. त्यानं मान हलवली, पुन्हा सुरू केलं, अडला, मी दुसरा शब्द दिला. तिसऱ्या वेळी त्यानं स्वयंपाकघरातल्या बायकोकडे असं पाहिलं की मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. (हात दाबले की माझं तोंड बंद राहतं, हे त्या दिवशी कळलं. तूही करून बघ, तुला गरज नाही पण.) मग त्यानं एक अख्खं वाक्य पुरं केलं. तेवढ्यात कॉफीच्या गाळणीतून डिकॉक्शनचे तेरा थेंब पडले, ते मी मोजले. वाक्य असं होतं: अण्णा, मी तुमच्याकडे येतो तेव्हा गेली अकरा वर्षं तुम्ही मला उपमा खायला घालता; मला उपमा आवडत नाही, मला उत्तप्पा म्हणायचं असतं.

अकरा वर्षं, सेतु. ‘उ’ ऐकला की मी ओरडायचो, कनका, गिरीधरला उपमा. आणि तो गप खायचा, कारण पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा उपमा गिळणं सोपं. तोतरा म्हटल्याचं त्याला तितकं वाटलं नव्हतं, त्याच्या बायकोला वाटलं होतं. त्याला वाटतं ते वेगळंच. त्याचं म्हणणं असं की लोक दया करतात आणि त्या दयेत त्याचं वाक्य घेऊन जातात. त्याच्या फोनमध्ये मी कोण, हेही मी विचारून घेतलं. तो लाजला. बायकोनं आतून सांगितलं: ‘उपमा अण्णा’.

मला आता या गोष्टीची चटकच लागली. कुणाला काय लागतं हे मला वाटत होतं त्याच्या कधीच जवळपास सापडलं नाही. मामींना शब्द चालतो, शिवी चालत नाही. गिरीधरला शब्दाचं काही नाही, घाईचं आहे. मुरलीला काहीच झालेलं नाही, आणि तो सगळ्यात जास्त दुखावला आहे. (मैलापूरच्या राजसमामी कटकट यांनी बोलणं बंद केलं आहे. घर शांत आहे. तिथे मी मुद्दाम अजून गेलेलो नाही.) साठ वर्षं कान घेऊन हिंडलो, आणि यातलं काही विचारायचं सुचलं नाही, कारण मला वाटायचं की मला ऐकू येतं.

आणि मग एन्नोरहून परतताना गाडीत, समुद्राकडच्या खिडकीशी बसलो असताना, तुझी आठवण आली. म्हणजे ती येतच होती. मी तिला पुढच्या स्टेशनवर, पुढच्या स्टेशनवर करत होतो. कुंभकोणमला मी पहिल्या दिवशीच यायला हवं होतं. तिरुवोट्टियूर जवळ होतं म्हणून तिथे गेलो असं मी कनकाला सांगितलं. ते खरं नव्हतं.

सहावीतली हजेरी तुला आठवते. मी ही गोष्ट लग्नांत, मुंजींत, शंभरदा सांगितली आहे, तुझ्यासमोर सांगितली आहे. नवे मास्तर आले. त्यांनी सेतुमाधव म्हणून पुकारलं आणि दोघं उभे राहिले, एक लगेच आणि तू जरा मागाहून, पायाची लोखंडी पट्टी बाकात अडकली म्हणून. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, यातला कुठला? तेव्हा ‘वर्गातून कुणीतरी’ म्हणालं, सर, तो सेतु आणि हा लंगडा सेतु. वर्ग हसला, मास्तर हसले, तू हसलास, मास्तरांनी हजेरीच्या पुस्तकात तसं लिहून घेतलं, आणि तिथून ते नाव तंजावरभर, मद्रासभर, माझ्या फोनपर्यंत आलं. मी नेहमी ‘कुणीतरी’ म्हणतो. त्या दिवशी गाडीत मी डोळे मिटून ती हजेरी नीट ऐकली, ग्राइंडर ऐकतो तशी. मास्तरांचा आवाज ओळखला. तुझा ‘हजर’ ओळखला. तिसऱ्या बाकावरून आलेला आवाजही ओळखला. तिसऱ्या बाकावर मी बसायचो.

तुला हे माहीत असणारच. तू पहिल्या बाकावर होतास, पण आवाज ओळखायला मला तूच शिकवलंस. पूर्वेकडच्या रस्त्यावरच्या वाइंडिंगच्या दुकानात तू स्टुलावर बसून मोटरींच्या तारा गुंडाळायचास आणि मी कॉलेज बुडवून तिथे पडलेला असायचो. तू मला स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरला लावायला आणि मूठ कानाला लावायला सांगितलंस, आणि म्हणालास, आता बेअरिंग काय म्हणतंय ते ऐक. त्या दोन कानांवर मी आवडीत दुकान टाकलं. गिऱ्हाइकांना, व्यापारी मंडळाच्या सभेत, शरण्याच्या साखरपुड्याच्या भाषणातसुद्धा मी सांगत आलो की मला कुणी शिकवलं नाही, मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो. तू त्या वेळी पहिल्या रांगेत खुर्चीवर होतास, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून, आणि टाळ्या वाजवायला ती काखेत घेतलीस. ते वाक्य तुला कसं ऐकू आलं? हे मी खरोखर विचारतो आहे. माझी साठी मला तुझ्याशिवाय करायची नाही, आणि नुसतं तुला बोलावूनही करायची नाही.

तू फोन करायचास तेव्हा पूर्वी ‘लंगडा सेतु बोलतोय’ असं म्हणायचास. मला वाटायचं, चला, याला चालतं. आता वाटतं की तू तो शब्द आधीच उच्चारून टाकायचास, म्हणजे समोरच्याला तो काढायला जागा उरू नये. हे माझं अनुमान. चूक असेल, कारण दुसऱ्याची वाक्यं पुरी करायची खोड अजून गेलेली नाही. तुझं वाक्य तूच पुरं कर. मी हात मांड्यांखाली घेऊन बसलो आहे. (म्हणजे हे पत्र लिहून झाल्यावर बसेन.)

पत्रिकेतली ती ओळही मी खोडली. छापलं होतं, ‘स्वतःच्या पायावर उभे राहून यश मिळवलेले’. तू पाकीट फोडलंस तर ती दिसेल. त्यावर काळी शाई मारून घे. आता सगळ्यांना पुन्हा पाठवायच्या पत्रिकांत तिथे हातानं लिहितो आहे: ‘सेतुमाधव यांचा शिष्य’. एकशे बेचाळीस वेळा लिहायचं आहे. तीस झाले.

वहिनींना नमस्कार. तुला साष्टांग घातला असता, पण गुडघा हल्ली कुरकुरतो. बेअरिंग नाही, वय आहे, हे मी कान लावून पाहिलं.

तुझा,
वेंकटरमण

ता. क. एक. हॉल बदलला. आधीचा पहिल्या मजल्यावर होता, बावीस पायऱ्या. मी शब्दांच्या मागे लागलो होतो तेव्हा शरण्यानंच विचारलं की अप्पा, नावं बदललीत, पायऱ्यांचं काय? नवा हॉल तळमजल्यावर, दारात उतार. हे तुझ्यासाठी केलं असं समजून फुगू नकोस. आचाऱ्याची भांडी फार जड आहेत.

ता. क. दोन. साठीला मोठ्यांनी कलशाचं पाणी डोक्यावर ओतायचं असतं. तू अकरा महिन्यांनी मोठा, तेव्हा पहिला कलश तुझा. काठी असल्यामुळे तुझ्यासाठी लहान कलश, उंच खुर्ची आणि धरायला मुरली, अशी सगळी व्यवस्था मी केली होती. कनकानं विचारलं, त्यांना विचारलंत का? ती सगळी व्यवस्था रद्द झाली आहे. उभा राहून ओतायचं की बसून, मोठा कलश की लहान, हे तू सांग. पाणी गार असलं तरी चालेल. मी त्या लायक आहे.

ता. क. तीन. पाहिलंस ना, खरं काम शेवटीच सांगतो. राजसमामींच्या फोनमध्ये मी ओरडणारा वेंकटा आहे, गिरीधरच्या फोनमध्ये उपमा अण्णा. तुझ्या फोनमध्ये मी कुठल्या नावानं आहे? गुळमुळीत काही लिहू नकोस, वहिनींना विचारायला लावू नकोस. जे आहे ते छाप, आधी ‘श्री.’ घाल, शेवटी ‘आणि कुटुंबीय’ घाल, पाकिटावर चिकटव आणि कुरियरनं पाठव. आत काही नसलं तरी चालेल. मी दारात उभा राहीन, ते नाव मोठ्यांदा वाचीन, आणि सही करून ते पाकीट ताब्यात घेईन.